फोल्डरचं कुलूप

अण्णा, म्हणजे माझे वडील, सोनपेठच्या बाजूला गावोगाव गायन पार्टीत गायचे. त्यांच्या कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा मी परभणीत एकाकडून सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. फिती तुटल्या, पण आवाज वाचला. माझा जीव मात्र एकाच जागी अडकला होता. एक गाणं संपतं, अण्णा पाणी मागतात आणि माय म्हणते, "घ्या, पण सावकाश." दोघंही गेले. मायचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

घरच्या वायफायवर तो फोल्डर सगळ्यांना ऐकता यावा ही सोय मीच केली होती. फक्त पासवर्ड ठेवला होता, आणि कुणाला काही पुसता येणार नाही असं करून ठेवलं होतं. माझ्या मोठ्या भावाला त्याचा लय राग. टीव्हीवर गाणं लावायचं तर पासवर्ड टाका, कसली कटकट म्हणायचा. त्यात जयंती आली. जयंतीला आमच्या गल्लीत कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. मांडवाला वीज आमच्या मीटरवरून, पातेली आमच्या घरातून. मिरवणुकीच्या डीजेवाल्याला अण्णांची गाणी हवी होती. मी म्हटलं, शाळेतून आले की पेन ड्राइव्हमध्ये देते. तेवढा धीर कुणाला असतो! भावानं त्याला वायफाय दिलं, फोल्डरचा पासवर्डही काढला, पुसायची बंदीही उठवली आणि सगळं सताड उघडं ठेवलं. मी बोलले तर मलाच म्हणाला, "घरच्या मानसांवर कुलपं लावायलीस का?"

डीजेवाल्यानं ओसरीवर चहा पीत अख्खा फोल्डर आपल्या लॅपटॉपवर ओढला. कॉपी नाही केला, कट केला. आमच्याकडं काही उरलं नाही. मला ते कळलं मिरवणुकीनंतर. त्याला फोन केला तर म्हणे, ताई, काळजी करू नका, गाणी साफ केलीत, मधलं बोलणं, खोकणं काढलं, वरून बीट टाकलाय. जुनं पुसून टाकलं होतं, जागा पुरत नव्हती म्हणून. ज्यानं गाणी उतरवून दिली होती, त्या परभणीच्या कॉम्प्युटरवाल्यानंही हात टेकले.

भाऊ मलाच विचारायला लागला, दुसरी कॉपी का ठेवली न्हाईस? चोराच्या उलट्या बोंबा. दुसऱ्या दिवशी त्यानं रिकाम्या फोल्डरला पासवर्ड लावला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. वर मला समजावू लागला, "अण्णांचा आवाज तर हाय ना? साऱ्या चौकानं ऐकला. मग रडायलीस कशाला?"

तेव्हा मी त्याला सांगितलं की त्यात माय होती. त्यानं ते गाणं कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. तो हळूच म्हणाला, "काय म्हनत होती?"

मी सांगितलं नाही. सांगणारही नाही.