खमिराचा गोळा

छावणीत नानची भट्टी चालवणाऱ्या कय्युमला एक गोष्ट काही केल्या समजत नसे. आपली अम्मी, शकीला, इतकी भोळी कशी? पलीकडच्या गल्लीत फारूखनं नवी भट्टी घातली, तेव्हा तिनं त्याला आपल्या खमिराचा अर्धा गोळा फुकट दिला होता. कालच्या पिठातला हा आंबट गोळा आजच्या पिठात मळायचा, म्हणजे नान फुगतो. आणि आजच्यातला पुन्हा उद्यासाठी काढून ठेवायचा. पोलीस ॲक्शननंतर आजोबांनी भट्टी पेटवली, तेव्हापासून यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता. गिऱ्हाईक फारूखकडे जाणार म्हणून कय्युम वर्षभर धुसफुसला. अम्मीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढे अम्मी लेकीच्या बाळंतपणाला फर्दापूरला गेली आणि इकडे शादीच्या हजार नानांची ऑर्डर आली. गडी हुरळला. रोजच्या गिऱ्हाइकांना त्यानं परत पाठवलं, पीठ मात्र हात आखडून मळलं. शेवटी पाच नान कमी पडले. लग्नघरचा माणूस टांगा घेऊन दारात उभा. कय्युमनं उद्यासाठी ताटाखाली झाकलेला खमिराचा गोळा उचलला, थापला आणि भट्टीत लावून मोकळा झाला. एका दिवसानं काय बिघडतंय, असं त्याला खरंच वाटलं. बियाणं दळून खाणाराही असंच म्हणत असेल.

सकाळी त्यानं बाजारातली पूड घालून नान फुगवले. पहिलं गिऱ्हाईक सरदारचाचा. त्यांनी एक घास खाल्ला, नान खाली ठेवला आणि फारूखच्या गल्लीकडे वळले. कय्युमच्या तोंडचं पाणी पळालं. तीन पिढ्यांची चव त्यानं पाच नानांपायी घालवली होती.

रिकामं भांडं घेऊन तो खालमानेनं फारूखकडे गेला. फारूख नाही म्हणाला असता, तर सगळी छावणी त्याचीच होती. पण त्यानं हात धुतले आणि गोळ्याचे दोन भाग केले.

"अम्मीनं देताना एकच अट घातली होती, कय्युमभाई," तो म्हणाला. "कुणी मागाया आलं तर नाय म्हणायचं नाय. मला काय ठाऊक, तुमच्यासाठीच घातली ते!"

कय्युमचे कान लाजेनं तापले. पण भांड्याला पुन्हा तो ओळखीचा आंबूस वास आला, तसा जीव भांड्यात पडला.

अम्मी परतली तेव्हा ताटाखाली दोन गोळे होते. दुसरा कुणाचा, असं तिनं विचारलं.

"मागाया येईल त्याचा," कय्युम म्हणाला.