टूटीमामांची वीस टोपणं

टूटीमामांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, तंबाखूची पुडीही नसायची. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतं तसलं मापाचं प्लास्टिकचं टोपण असायचं. वारंगा फाट्यावर जीपस्टँडच्या कडेला, कडुलिंबाखाली त्यांची पत्र्याची टपरी होती. तिथं हवा भरून मिळायची, पंक्चर निघायचं आणि टू-टी ऑइल मिळायचं. हे तेल जुन्या मोटरसायकलींच्या पेट्रोलमध्ये मिसळतात. मामा ते डिझेलच्या जीपांमध्येही टाकायचे. आमच्याकडे त्याला सगळे टूटी म्हणतात, म्हणून ते टूटीमामा. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर. माझ्या लाजेची सुरुवात तिथूनच करावी लागेल.

मामांनी उभी हयात काळीपिवळी जीप चालवली. गुडघे गेले तेव्हा जीप विकून ही टपरी टाकली. त्यांचं म्हणणं एकच होतं. "पयलचं डिझेल ओशट होतं. हातावर घेतलं तं बोटं चिकटायची. आताचं डिझेल कोरडं हाय. कोरडी भाकर आपल्या घशात अडकते, मंग इंजिनाच्या पंपाच्या न्हाई अडकणार?" टाकीत तेल आधी आणि डिझेल नंतर, हा त्यांचा नेम. वरून डिझेल पडलं की तेल आपसूक घुसळलं जातं, असं ते म्हणायचे. दहा लिटरला पाच टोपणं. मोजणी एकपासून नाही. खळ्यावर धान्य मापतात तशी. लाभ, दोन, तीन, चार. मध्ये कुणी बोललं तर उत्तर द्यायचे नाहीत, हात वर करून थांबवायचे.

कुणीही गाडी आणली की मामांचा पहिला सवाल असायचा, "ही काय खाते?" आणि सांगितलं तरी विश्वास नाही. स्वतः टाकीचं झाकण काढून हुंगायचे. पेट्रोलची कार असली की झाकण लावून परत पाठवायचे. "हिला टूटी नको. नुसती धूर ओकल." एका शेतकऱ्यानं हट्टच धरला, मी पैसे देतो, तुमचं काय जातं? मामा म्हणाले, "मह्यं नाव जातं." फाट्यावरच्या दोन डझन जीपा त्यांच्या त्या नावावर चालत होत्या.

मी फाट्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. जुनी डिझेल कार घेतली तेव्हा मामांच्या तेलाला मी हसलोच होतो. मामा म्हणाले, "सर, तुमी पोरायला घर्षण शिकवता ना? मंग हसता काहून?" तेव्हापासून दर टाकीला माझी गाडीही त्यांच्यापुढं उभी राहू लागली. खरं सांगायचं तर इंजिनचा खडखडाट कमी झाला होता. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. मास्तराची जात, शिकवायची सवय. शिकल्याचं कबूल करायची नाही.

त्या सकाळी मला मुख्याध्यापकांना घेऊन नांदेडला बैठकीला जायचं होतं. टाकी तळाला गेलेली. मामांनी वीस टोपणं मोजून टाकली आणि म्हणाले, "आता चाळीस लिटर भरा, बराबर होईल." पुढच्या पंपावर मी गाडी लावली. कानाला मोबाईल. शाळेची कसली तरी ऑनलाइन माहिती तातडीनं हवी होती आणि पलीकडचा माणूस मला झापत होता. पंपावरच्या माणसानं विचारलं, "पेट्रोल ना सर?" मी नीट न ऐकताच मान डोलावली. पावती खिशात कोंबली आणि निघालो.

दहा-बारा किलोमीटरवर गाडी थरथरायला लागली, ठोके देऊ लागली, पांढरा धूर सोडून बंद पडली. ट्रॅक्टरला बांधून ती परत फाट्यावर आणली. सगळे जीपवाले गोळा झाले. मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले, "बैठक गेली आता." कुणीतरी म्हणालं, सकाळी मामानं तेल टाकलं होतं. मामा लंगडत आले, टाकीकडं हात नेऊ लागले. मी त्यांचा हात झटकला. "हात लावू नका गाडीला. अडाण्याचं ऐकलं हीच माझी चूक." हे मी वीस-पंचवीस माणसांसमोर बोललो. मामांच्या हातातलं टोपण खाली पडलं. ते त्यांनी उचललं, शर्टाला पुसलं आणि खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून नांदेडला नेली. तिथल्या मेकॅनिकनं टाकी रिकामी केली आणि माझ्याकडं बघून हसला. "सर, डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंत." मी खिशातली पावती काढली. पेट्रोल, स्वच्छ छापलेलं. तो पुढं म्हणाला, "एवढ्या पेट्रोलवर पंप कोरडा पडून जाम झालाच असता. आत थोडा तेलाचा अंश होता, म्हणून वाचला." मामांच्या तेलानं माझी गाडी वाचवली होती. मी पावतीचे तुकडे करून तिथल्याच बादलीत टाकले.

फाट्यावर परतलो तेव्हा चहाच्या गाड्यावर एका जीपवाल्यानं विचारलं, "तेलाचंच निघालं ना सर?" एवढ्या लोकांत मी कसा सांगू, की विज्ञानाच्या मास्तराला आपली गाडी काय खाते तेवढंही कळलं नाही? मी म्हणालो, "हूं." बस, एवढंच. महिन्याभरात एकही जीप मामांपुढं उभी राहिनाशी झाली. पोरं टपरीसमोरून जाताना ओरडायची, मामा, गाडी बंद पाडता का गाडी.

त्याच सुमारास एका रविवारी मामा घरी आले. डोंगरकड्याहून, त्यांच्या गावाहून, केळीचा आख्खा घड खांद्यावर घेऊन. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसले. "सर, मह्या हातून तुमाला तकलीफ झाली," म्हणाले. "इतकी वर्सं टाकून राहिलो, असं कवा झालं न्हाई. वीसच टोपणं होती. तुमी बी उभे होते. म्या कुठं चुकलो तेवढं सांगा." माणूस माफी मागायला आलाच नव्हता, आपली चूक शिकायला आला होता. आणि मी, निर्लज्जासारखा, त्यांना शिकवलं. आताच्या गाड्यांचे पंप नाजूक असतात मामा, त्यांना हे तेल सोसत नाही, वगैरे. वर्गात बोलतो त्याच आवाजात. ते मान डोलवत राहिले. "व्हय, तुमी शिकलेले. आमाला काय कळतंय." माझी गाडी आताची नव्हतीच, पंधरा वर्षांची होती, आणि ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी त्यांनी माझं खरं मानलं. ती केळी आम्ही आठवडाभर खाल्ली.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच गाडीला तेल घातलं नाही. टपरीत नुसती हवा भरायचे. मी दिसलो की उठून उभे राहायचे, त्या गुडघ्यांनी. मी गाडी लांबून न्यायला लागलो. सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू, एकटे सापडले की सांगू, असं करत तीन वर्षं काढली. यंदाच्या थंडीत मामा गेले.

तेराव्याला डोंगरकड्याला गेलो. मांडवात जीपवाले होते, मुख्याध्यापकही होते. मामी पदर सावरत माझ्यापुढं आल्या. "सर, जाईजाईपस्तोर तुमच्या गाडीचंच घोकून राहिले. म्हणायचे, कुठं चुकलो ते अजून ध्यानात येत न्हाई." सगळे माझ्याकडं बघत होते. हीच वेळ होती. याहून चांगली देवसुद्धा देणार नाही. आणि माझ्या तोंडून शब्द आले, "मामी, मी ते केव्हाच विसरलो. माझ्या मनात काही नाही." मामींनी हात जोडले. मागून एक जीपवाला म्हणाला, "सर म्हंजे देवमाणूस." मी पंगतीला बसलो आणि जेवलोही.

मामींनी निघताना ते टोपण माझ्या हातात दिलं. घरात कुणाला त्याचं काय काम, म्हणाल्या. आता दर टाकीला मीच तेल घालतो, अंगणात, फाटक लावून. लाभ म्हणून सुरुवात करतो. मग दोन, तीन, चार. फाट्यावरचे लोक हे वाचतील तर बरंच होईल. ज्यांनी विचारलं होतं ते आता नाहीत, तरी उत्तर त्यांनाच देतो. मामा, तुम्ही कुठंच चुकला नाहीत. वीस टोपणं बराबर होती. पेट्रोल मी भरलं होतं.