सात नंबरचे तात्या

“लाकूड सडतंय तात्या! होड्या सडतायत! सगळा क्लब सडतोय!”

आमसभेत टेबलावर मूठ आपटत सलील ओरडत होता. हा खराडीतला सॉफ्टवेअरवाला. ऑफिसात चाळीस माणसं याचं ऐकतात म्हणे. समोर तात्या टिल्लू चहात बिस्किट बुडवत होते. बुडवलेला भाग शाबूत वर आल्याची खात्री करून ते म्हणाले, “टेबल आपटू नका. तेही लाकडाचंच आहे. तुमच्यापेक्षा टिकेल.”

खडकवासल्याच्या पाण्यावरचा आमचा शिडाच्या होड्यांचा क्लब. शर्यतीच्या होड्या बारा, साऱ्या एका आराखड्यावरून युसूफ मिस्त्रींनी घडवलेल्या. त्यांना आम्ही टिटव्या म्हणायचो. नियम एकच: सगळ्या टिटव्या सारख्या. लांबी, रुंदी, वजन, शिडाचं कापड, कशातच फरक नको. हे मोजायचं काम तात्यांचं. नोकरीभर नकाशे काढलेला हा नारायण पेठी माणूस लेंग्याच्या खिशात पोलादी टेप घेऊन जन्मला असावा. मुलीच्या लग्नात बोहल्यावरचे पाट एका रेषेत नाहीत म्हणून यांनी मंगलाष्टकं थांबवली होती. “जावईबापू, अर्धा इंच डावीकडे,” असं म्हणून टेप लावला, आणि मगच भटजींना “हं, चालू द्या” केलं. जावई अजून घरात शिरताना उंबऱ्याशी मध्य साधून उभा राहतो.

तात्यांचं तत्त्वज्ञान दीड वाक्याचं होतं. “होडी सारखी असली की हरणारा स्वतःमुळे हरतो. मिस्त्रीला, वाऱ्याला आणि बायकोला बोल लावायची सोय नाही.”

आणि जिंकायचे कोण? तात्या. पंचवीस वर्षं, सात नंबरच्या टिटवीत. पुढच्या फळीवर काकू बसायच्या, शिडाची दोरी धरून, हातभर बांगड्या घालून. काकू गेल्या. त्या फळीवर बांगड्यांचे ओरखडे राहिले. दर उन्हाळ्यात तात्या होडीला वार्निश लावायचे आणि तेवढी वीतभर जागा सोडून द्यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, “डबा संपला.”

सलीलचंही खोटं नव्हतं. दर मे महिन्यात होड्या खरवडायला येतो कोण? नवी पोरं एकदा यायची, हाताला फोड घेऊन जायची, ती थेट दुसऱ्या क्लबात. सलीलचा ठराव असा: फायबरच्या टिटव्या, ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्या, आणि लाकडी होड्या शर्यतीतून बाद. म्हणजे सात नंबरही बाद. तात्या त्यावर तब्बल सात आमसभा लढले. आठव्या सभेत ठराव पास झाला. विरोधात एकच हात. माझा हात ठरावाच्या बाजूनं वर होता, आणि तात्यांनी तो टेप न लावताच मोजला.

मग प्रश्न आला साच्याचा. फायबरचा साचा कुठल्या तरी जुन्या होडीवरून काढायचा.

“सात नंबर!” सलील म्हणाला. “सर्वांत वेगवान तीच आहे. दरवर्षी जिंकते!”

“ती जिंकते?” तात्यांनी विचारलं.

“मग काय!”

तात्यांनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. “न्या,” म्हणाले. “मापात बसते.”

तीन महिन्यांनी नव्या टिटव्या आल्या. काय चकाकत होत्या! आरशाऐवजी त्यांच्यात बघून मी दाढी केली असती. पहिली शर्यत सुटली, आणि बाराच्या बारा टिटव्या डावीकडे वळू लागल्या. अकरा जणांनी सुकाणूवर जीव टाकला, तरी अकराही होड्या काठावर डुंबणाऱ्या म्हशींत जाऊन रुतल्या. सलीलची तर एका म्हशीला इतकी आवडली की संध्याकाळपर्यंत तिनं जागा सोडली नाही. बारावी होडी तात्यांची. हे बहात्तर वर्षांचे गृहस्थ सुकाणू काखेत तिरपं दाबून, पान खात, सरळ रेषेत गेले आणि जिंकून आले. पुढची शर्यत तशीच. त्याच्या पुढचीही.

शेवटी सलील मला घेऊन युसूफ मिस्त्रींकडे गेला. म्हातारा हसता हसता खोकत सुटला. “सात नंबरचं लाकूड वाळताना पिळलं होतं हो. डावीकडे ओढते ती. मी तेव्हाच म्हटलं, तात्या, दुसरी करून देतो. तर काकू म्हणाल्या, राहू दे, हिच्यातच शिकू.”

तिथून आम्ही थेट नारायण पेठेत. दार तात्यांनीच उघडलं. मागे, बैठकीच्या खोलीत, सात नंबरची ती फळी भिंतीला लावलेली दिसत होती. अर्थात, अगदी आडव्या रेषेत.

“तात्या, तुम्हाला माहीत होतं!” सलील जिन्यातच ओरडला. “पंचवीस वर्षं तुम्ही वाकडी होडी पास करत आलात! आणि आता आमच्या बाराही वाकड्या!”

“बाराही?” तात्यांनी विचारलं. “सारख्याच?”

“हो! अगदी सारख्या!”

“मग झालं तर,” तात्या म्हणाले. “सारख्या असाव्यात असा नियम आहे. सरळ असाव्यात असा नाही.”