सामाईक भिंतीवरची माती

गच्चीच्या दुरुस्तीची यादी करायला आज सकाळी वर गेले. कुंड्यांसाठी आणलेलं मातीचं पोतं भिजलं होतं. त्या वासानं यादी हातातच राहिली.

माझ्या लहानपणी वालूर गावात आमच्या ओळीत सात दगडी घरं होती. दर दोन घरांत एकच जाड भिंत आणि वर सगळ्यांचं मिळून सलग मातीचं माळवद. उन्हाळा संपताना प्रत्येकानं आपापल्या भागावर पांढरी माती चोपायची. एका वर्षी सामाईक भिंतीत खुंटी ठोकण्यावरून माझे वडील, अण्णा, आणि शेजारचे काका भांडले. दोघांनीही माती भिंतीच्या अलीकडेच थांबवली. भिंतीवरचा हातभर पट्टा तसाच राहिला. पावसात दोन्ही घरं गळणार होती.

भर दुपारी आई पाटी घेऊन गुपचूप वर चढली, मागे मी. पलीकडून काकूही पाटी घेऊनच आल्या.

“काय वैनी, चोरावानी आलाव?” आई म्हणाली.

“अन् तुमी काय वाजतगाजत आलाव?”

दोघी हसत तो पट्टा चोपायला बसल्या. माती कालवायचं पाणी संपलं तशी मी खाली आले. अण्णा जेवत होते. वरच्या प्रत्येक थापेसरशी त्यांच्या ताटात माती पडत होती. आता भांडण पेटणार म्हणून मी दारातच थिजले.

अण्णांनी वर न बघता ताट बाजूला सरकवलं. “पाणी सरलं का? शिडीपाशी भरलेली कळशी हाय, ती ने.”

ती कळशी तिथं कुणी भरून ठेवली, हा प्रश्न मला इतक्या वर्षांनी आज पडला.