नासिरची दारातली खुर्ची

नासिर गेल्याचं मला मोबाइलवर आलेल्या एका पोस्टरवरून कळलं. वर फुटबॉल लीगचं बोधचिन्ह, खाली प्रायोजकांची रांग आणि मधे उरलेल्या जागेत नासिरचा फोटो... 'आमचे प्रेरणास्थान'. खरं सांगतो, मला आधी ती नव्या हंगामाची जाहिरातच वाटली. ही लीग चालवणाऱ्या कंपनीवर माझा इतका विश्वास, की तिनं कळवलेलं मरणही मी खात्री करून घेतलं. नासिरच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं, रेहानाभाभींनी उचलला आणि त्या नुसत्या "भाऊजी..." म्हणाल्या. पुढे विचारायला काही उरलं नाही.

नासिर माझा शाळेपासूनचा मित्र. मी नारायण पेठेतला, तो कॅम्पातल्या बुटांच्या दुकानातला. पुण्यातली मैदानं एकेक करून इमारतींखाली गेली, तेव्हा चार भिंतींच्या आत फुटबॉल खेळवायचं खूळ त्याच्याच डोक्यातून निघालं. पाच-पाच जणांचे संघ, छोटे गोल, आणि जागा म्हणजे कर्वेनगरातलं एक मंगल कार्यालय! लग्न असेल तेव्हा जागा मिळणार नाही, म्हणून हा गृहस्थ सामने पंचांग पाहून ठरवायचा. मुहूर्त नाही त्या दिवशी सामना, आणि चातुर्मास म्हणजे आमचा भर हंगाम. "तुमचे देव झोपले की आमचा फुटबॉल जागा होतो," असं म्हणायचा. पेठेचा संघ मी सांभाळायचो. असेच वेगवेगळ्या वस्त्यांचे संघ जमत गेले आणि बघता बघता त्याची लीग झाली. कार्यालयाच्या मालकांची अट एकच होती, फरशीवर काळे ओरखडे उठता कामा नयेत. त्यामुळे नासिर दारात खुर्ची टाकून बसायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला पाय उचलून बुटाचा सोल दाखवायला लावायचा. नाल मारणारा बैलाचा खूर बघतो तसा निरखून बघायचा, वर अंगठ्यानं घासायचा. मलाही सूट नव्हती. "अरे, मी संघाचा व्यवस्थापक आहे!" म्हटलं, तर म्हणाला, "व्यवस्थापकाला पाय असतात ना? मग दाखव."

पुढे प्रेक्षक वाढले आणि त्यांच्या वासानं कंपनी आली. गुळाला मुंगळे लागायचेच. कात्रजकडे बंदिस्त स्टेडियम झालं, झगमगते दिवे आले, कानठळ्या बसवणारा निवेदक आला, खेळाडूंचे लिलाव झाले. संघ बिल्डरांनी आणि हॉटेलवाल्यांनी विकत घेतले. आमचे वस्त्यांचे संघ मोडले आणि त्यातली मुलं दोन इकडे, दोन तिकडे अशी वाटली गेली. नासिरनं हे सगळं मुकाट्यानं होऊ दिलं, आणि स्वतः कंपनीचा टी-शर्ट घालून नव्या दारात त्याच जुन्या खुर्चीवर जाऊन बसला. पुन्हा तेच, पाय दाखव! तिथली जमीन खास बनवून घेतलेली, तिच्यावर ओरखडा उठवायला कुदळच लागली असती. मग सोल कशाला तपासायचे? यांनी त्याला शोभेला बसवलाय आणि हाही खुशाल बसलाय, असं माझ्या मनानं घेतलं. आमची शेवटची भेट त्या दारातच झाली.

"विकलंस ना आम्हाला?" मी सरळच विचारलं.

तो हसला नाही, चिडलाही नाही. "पाय दाखव," म्हणाला. मी तसाच मागे फिरलो.

त्याच्या चाळिसाव्याला घरी गेलो, तेव्हा तोच प्रश्न जरा आडवळणानं भाभींना विचारला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना एसी केबिन देत होते. यांनी दार मागून घेतलं. प्रत्येक संघात वस्तीतली दोन मुलं खेळवायची, या बोलीवर लीग दिली होती ना! पण कंपनीवर यांचा काडीचा भरवसा नव्हता. मुलांना विचारावं तर ती घाबरून 'खेळतो की' म्हणणार. म्हणून हे सोल बघायचे. खेळला तर झिजणार, बाकावर बसवला तर कोराच राहणार."

कोरा सोल दिसला की नासिर दार अडवायचा. तो मुलगा खेळणार असं ठरल्याशिवाय कुणाला आत सोडायचा नाही. गॅलरीतले निम्मे प्रेक्षक वस्त्यांमधले. हा उठला तर तेही उठतील, हे कंपनी ओळखून होती. ऐकून मला फार वाईट वाटलं. अरे, एका शब्दानं सांगायचंस... पण मला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, हे तो ओळखून होता.

तरीही स्वभावाला औषध नाही. बायको नवऱ्याची बाजू घेणारच, असं म्हणत गेल्या रविवारी मी स्टेडियमवर गेलो. खुर्ची दारातच होती, पण भिंतीला सरकवलेली. तिच्यावर नासिरचा फोटो, फोटोला हार, आणि शेजारी उभं राहून सेल्फी काढणारी मंडळी. खेळाडू बाजूनं सरळ आत जात होते. त्यात आमच्या पेठेतला ओंकार दिसला. मला बघून थांबला.

"ओंकार, पाय दाखव."

"काका, आता इथे कोणी बघत नाही."

"मी बघतोय."

त्यानं पाय उचलला. हंगाम सुरू होऊन महिना झाला होता, आणि सोल कोरा करकरीत, आत्ता खोक्यातून काढल्यासारखा.

"एकही सामना नाही?"

त्यानं मान हलवली. "नासिरचाचा गेल्यापासून नाही."

मी फोटो उचलून नीट भिंतीशी टेकवला. खुर्ची दाराच्या मधोमध ओढली आणि बसलो. कंपनीचा कोणी साहेब लगबगीनं आला. "अहो आजोबा, उठा. ती बसायची खुर्ची नाहीये."

"पाय दाखवा," मी म्हणालो.