हिच्या अंगीच लागत नाही

आज दवाखान्यात माझ्या शेजारी एक गृहस्थ मांड्या फाकवून ऐसपैस बसले होते. बाकाच्या उरलेल्या टोकावर त्यांची बायको कशीबशी टेकली होती. नर्सबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नावालाही नव्हती.

"रक्त फार कमी आहे."

"घरात कशाची कमी नाही हो," गृहस्थच बोलले. "हिच्या अंगीच लागत नाही."

"काल रात्री काय जेवलात?" नर्सबाईंनी तिला विचारलं.

"सगळ्यांचं झाल्यावर थोडा भात होता. त्यावर आमटीचं पाणी घेतलं."

मला त्या माणसापेक्षा तिच्या आतड्याबद्दल जास्त आदर वाटला. पोटात जे येईल त्यातला कण न् कण ते शोषून घेतं, रक्ताच्या हवाली करतं. आधी पुरुषांना, मग उरलं तर बाकीच्यांना, असली रीत त्याला ठाऊक नाही. मेंदूपासून पायाच्या नखापर्यंत सगळे त्याच्या एकाच पंगतीला. पण खरवडलेल्या पातेल्यातून ते बिचारं शोषणार तरी काय? आणि सगळं ओरपून ढेकर देणारा हा बाप्या वर त्यालाच नावं ठेवतो!

त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घालत मी घरी आलो. "गरम आहे तोवर जेवून घ्या," बायको तव्यापाशी उभी राहून म्हणाली. मी बसलो. तिसरी पोळीही तुपासकट संपवली.

नंतर तिनं काय खाल्लं, हे आत्ता लिहितानाही मला ठाऊक नाही.