दौलतभाऊंच्या नकला

दौलतभाऊ गेल्याचा निरोप पवनीकडून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं लाखनीच्या शाळेत आणून दिला. मी सातवीला व्याकरण शिकवत होतो... खडू ठेवला आणि निघालो. पूर्व विदर्भातल्या अख्ख्या झाडीपट्टीला रडवणारा-हसवणारा नाटककार, माझा जुना मित्र.

तेरवीनंतर त्यांच्या गावी, आसगावला, पुन्हा गेलो, ते त्यांचे कागद लावायला. नागपूरच्या एका ग्रंथालयानं नाटकं मागितली होती. मला कसली चिंता? प्रयोगाच्या सरकारी परवानगीसाठी लागणारी प्रत्येक स्वच्छ प्रत माझ्याच हातची, आणि तिचा मला भारी गर्व. ते लिहायचे 'मले', मी करायचो 'मला'. 'काहून' दिसलं की 'का'. भाषा सुधारून देतो म्हणे मी! प्रयोगात मात्र नट पुन्हा 'मले'च म्हणत, आणि मी चिडे. दौलतभाऊ हसत. "काय करता गुरुजी, आयकूनच नाई राहिले थे!"

आणीबाणी उठली त्या साली ते मुंबईला सिनेमाचे संवाद लिहायला गेले होते. निर्मात्यानं धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईच्या तोंडी पुणेरी भाषा घालायला सांगताच कागद पिशवीत कोंबून परत आले. पैसा गेला, नाव गेलं. "थ्या बोलीत आपली बाई रडन का, गुरुजी?" एवढंच म्हणाले. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

वहिनींनी पेटी उघडली. आत नकला... एकेका नटाला त्याच्या वाट्याचे संवाद उतरवून दिलेले कागद. सगळे दौलतभाऊंच्या तिरप्या अक्षरात, पानोपानी 'मले'. माझी प्रत कचेरीत जाई आणि हे गृहस्थ घरी बसून माझी एकेक दुरुस्ती निस्तरत!

"मला सांगितलं का नाही, वहिनी?"

"म्हनत, गुरुजी एवढ्या मायेनं लिवून देते, त्यायले दुखवाचं नाई."

मी तिथंच रडलो. लाज वाटली, आणि असा मित्र मिळाला म्हणून ऊर भरूनही आला. निर्मात्याशी भांडलेला माणूस माझ्याशी एका अक्षरानं भांडला नाही. माझ्या प्रती ग्रंथालयात गेल्या असत्या, तर त्यांची माणसं कायमची माझ्या भाषेत बोलत राहिली असती.

त्या प्रती मी पाठवल्या नाहीत. नकला जुळवून सगळी नाटकं नव्यानं उतरवतो आहे. काल पहिलं पुरं झालं. शेवटच्या पानावर सवयीनं हातून 'मला' गेलंच. लाल शाई काढली, ते खोडलं आणि वर 'मले' लिहिलं. इतकी वर्षं मास्तरकी केली, पण चूक दुरुस्त केली ती काल.